शिंगातली भूक

दारात शत्रू आला तरी आधी पाणी विचारायचं आणि मग भांडायचं, अशी खडकेवाडीची रीत. पण तेजस्विनी चौगुले गोठ्याच्या तोंडाशी दिसली की बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहत, आणि पुरुषांना एकाएकी शेतातल्या मोटारीची आठवण होई. पाण्याचा तांब्या काही कुणाच्या हातून हलत नसे. गावातलीच पोर, गावातच लहानाची मोठी झालेली, पण दूध संघाची नोकरी लागली आणि खांद्याला ते यंत्र लटकलं, तेव्हापासून ती गावाच्या डोळ्यांत कुसळासारखी सलत होती.

संघाच्या कागदोपत्री यंत्राचं नाव होतं शिंगवाचक. गावानं त्याचं बारसं वेगळंच केलं. गाव त्याला चुगलखोर म्हणे.

दिसायला ते हातातल्या बॅटरीएवढंच. पण त्यामागचा विचार साधा आणि भयंकर होता. शिंग म्हणजे आपल्या नखाच्याच जातीची वस्तू. ते थरावर थर चढत वाढतं. नवा थर बुडाशी येतो आणि जुना टोकाकडं ढकलला जातो. म्हणजे म्हातारी म्हैस घेतली, तरी तिच्या शिंगाच्या टोकाच्या गाभ्यात तिचं रेडकूपण जसंच्या तसं साठवलेलं असतं. रेडकाला पोटभर दूध मिळालं, तर त्या आठवड्याच्या थरात नायट्रोजनचं प्रमाण ठरावीक असतं. उपाशी राहिलं, तर अंग स्वतःचंच मांस जाळून जगतं आणि ते प्रमाण बदलतं. रेडकू शेणामुताच्या ओलीत उभं राहिलं, कोंदट गोठ्यातल्या अमोनियाच्या वाफेनं खोकलं, आखूड दाव्यानं एकटंच बांधलं गेलं, तर भीतीनं आणि दुखण्यानं रक्तात उतरणारं रसायन त्या थरात अडकून बसतं. एका पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या बाईंनी हे थर न कापता, नुसता प्रकाश टाकून वाचायची युक्ती काढली. शिंगाच्या टोकाला यंत्र टेकवायचं की पडद्यावर उभ्या रेघांची रांग येते. भरल्या पोटाची रेघ उंच, भुकेची ठेंगणी. ओल आणि आजार यांचा पट्टा लाल.

इथवर गावाला कौतुकच वाटलं. पुढं त्याच बाईंनी दाखवून दिलं की पहिल्या तीन महिन्यांत खुरटलेली रेडी माजावर उशिरा येते, दूध कमी देते आणि तिची लेकही तशीच निपजते. मग संघानं नियम केला. नव्या रेड्या घ्यायच्या त्या फक्त मातृगोठ्यांतून, आणि मातृगोठा तोच, जिथल्या म्हशींची शिंगं निर्मळ निघतील. झालं. ज्यानं त्यानं जे झाकून ठेवलं होतं, ते चुगलखोर चव्हाट्यावर आणायला लागला.

सगळ्यात मोठी बोंब झाली ती खरवसाची. म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा खरवस आळीभर वाटायचा, हा गावाचा मोठेपणा. ज्याच्या घरचा खरवस जास्त घरी जाई, तो दिलदार. आणि यंत्रानं दाखवलं ते असं, की जितकं घर दिलदार, तितकी त्याच्या रेडकांची पहिली रेघ ठेंगणी. पहिल्या काही तासांत पोटात जायला हवा तो चीक शेजारच्यांच्या ताटल्यांत वेलदोडा लावून जात होता. रेडकाच्या अंगात रोगाशी लढायची ताकद तेवढ्यातूनच येते, हे कुणाच्या गावी नव्हतं.

त्या दिवशी तेजूनं शालनकाकीच्या दोन म्हशी वाचल्या. दोन्हींची पहिली रेघ जमिनीला चिकटलेली.

"ह्या गोठ्याला मातृगोठ्याचा दर्जा मिळणार नाही, काकी," ती म्हणाली.

शालनकाकी शेजारीण. लहानपणी तेजूच्या वेण्या घालून देणारी. तिनं शेणाचा हात तसाच पदराला पुसला.

"तुज्या जन्माच्या आधीपास्नं ह्या दारातनं तुज्या घरला खरवस येत हुता. वाटीभर खाऊन परत मागायचीस."

"तो रेडकाचा होता."

"मग वकून टाक आता," काकी म्हणाली आणि आत निघून गेली.

तेजूनं यंत्र पिशवीत घातलं. तिला वाईट वाटलं नाही असं नाही, पण रागच जास्त आला. त्या दिवसांत तिला बहुतेक गोष्टींचा रागच येत असे, कारण दुपारी तिला स्वतःच्या घरचा गोठा वाचायचा होता.

तिच्या आईचा, विजयमालाचा गोठा पंचक्रोशीत नावाजलेला. नवरा गेल्यावर या बाईनं एकटीनं तो वाढवला. लांब तलवारीसारख्या शिंगांच्या म्हशी ओळीनं उभ्या राहिल्या की जत्रेला आलेला माणूसही वाट वाकडी करून बघायला येई. आता विजयमालाचे गुडघे गेले होते. गोठा कुणाच्या तरी हाती द्यायचा होता, आणि मातृगोठ्याचा अर्ज ज्याच्या नावानं, गोठा त्याचा. अट एकच. त्या माणसाच्या हाताखाली लहानाची मोठी झालेली म्हैस निर्मळ निघाली पाहिजे.

विजयमालाला दोन मुलं, आणि ती जुळी. तेजस्विनी आणि पृथ्वीराज. तेजू बापावर गेलेली, उंचीपुरी, खांद्यानं रुंद. पृथ्वी तिच्या कानापर्यंत यायचा. थंडी पडली की छाती धरून खोकायचा. घरात पहिली भाकरी त्याची, दुधावरची साय त्याची, नवं कापड आधी त्याला. तेजूला थोडं वाढलं जायचं असं नव्हे. पण त्याला वाढताना आईचा हात थांबत नसे, आणि तेजूला वाढताना तो थांबे. ते तिनं लहानपणापासून पाहिलं होतं आणि एकदाही विसरली नव्हती. अर्जावर आईनं पृथ्वीचं नाव घातलं, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. पण तिच्या अंगाची आग आग झाली.

कारण गोठा तिला हवा होता. गोठ्याची मागची भिंत फोडून वारा खेळता केला तो तिनं. रेडकांच्या गळ्यातली आखूड दावी सोडून त्यांना कोरड्या पेंढ्यावर एकत्र मोकळं ठेवलं तेही तिनंच, आणि त्यासाठी आईशी महिनाभर अबोला धरला. शहरातली दोन स्थळं तिनं या गोठ्यापायी नाकारली होती. पृथ्वीला म्हशीत रस नव्हता. त्याला मोटारसायकल आवडे, मित्र आवडत, आणि आईनं दिलेलं घ्यायची सवय होती.

संघात या तालुक्याला वाचणारी ती एकटीच. तिनं साहेबांना म्हटलं होतं, माझ्या घरचं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. साहेब म्हणाले, "यंत्राला काय, घरचं आणि दारचं सारखंच. वाचा आणि पाठवा."

दुपारी ती गोठ्यात आली तेव्हा आई उंबऱ्याजवळच्या दगडावर बसली होती, आणि पृथ्वी गव्हाणीला टेकून मोबाईल बघत होता. आईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"कुठलं वाचायचं?" तेजूनं विचारलं.

"भिंगरी घे. पृथ्वीच्या हातची हाय ती."

ते खरं होतं. तेजू डिप्लोमाला शहरात राहत होती त्या वर्षी भिंगरी जन्मली, आणि तिचं सगळं पृथ्वीनं पाहिलं होतं. तेजूनं म्हशीच्या मानेवर हात ठेवला, शिंगाचं टोक यंत्राखाली धरलं. पडद्यावर रेघा आल्या. पहिली ठेंगणी. पुढच्याही ठेंगण्या. त्यानंतर लाल पट्टा, रुंद, आठवड्यांमागून आठवडे पसरलेला.

"चीक दिला नाहीस तू हिला," ती भावाला म्हणाली. "आणि दूधही नाही. ओलीत बांधली होतीस."

"पावसाळा हुता," पृथ्वी म्हणाला.

"वर पत्रा होता की."

"तुला ठाव हाय न्हवं आता? मग इचारतीस कशाला? दूध डेअरीला घातलं. रेडकाला भाकरीचं पाणी घातलं. जगली की."

"जगली," तेजू म्हणाली. "सुंदराच्या निम्मं दूध देती."

सुंदरा तेजूच्या हातची. ती शेजारीच रवंथ करत उभी होती. विजयमालानं दोन्ही म्हशींकडं एकदा पाहिलं आणि पहिल्यांदाच लेकीकडं तोंड केलं.

"पुसून टाक ते."

"पुसता येत नाही."

"मग सुंदराच्या शिंगाला लाव आणि भिंगरीच्या नावानं पाठव. कोण बघाय येतंय?"

"मी बघतेय की."

"तू घरची हायस का संघाची?"

"ते तू सांग," तेजू म्हणाली. "घरची असते तर अर्जावर माझं नाव असतं. माझ्या नावानं भर. सुंदरा वाचते, आत्ता पाठवते. खोटं करायचीही गरज नाही."

"तू उद्या परक्याच्या घरी जाशील."

"नाही जाणार."

"मग तर आणखीनच पंचाईत." विजयमाला गुडघ्यावर हात रेटून उठली. "हे बघ तेजा. गोठा पृथ्वीचा. ह्यात बदल न्हाई. तुला त्याचं कधी बघवलंच न्हाई. ताटातलं बघवलं न्हाई, अंगावरचं बघवलं न्हाई. आता गोठ्यावर नजर हाय तुजी."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं बोलणारी ही बाई नव्हे. ती तोलून मापून बोलत होती आणि म्हणूनच ते जास्त लागलं. तेजूच्या मनात इतकी वर्षं साठलेलं एकदम वर आलं.

"माझ्या नजरेचं काढतेस? तुझा हात कुणापुढं थांबायचा ते मी बघितलंय. माणसाला शिंगं नाहीत म्हणून वाचलीस तू. असती तर गावाला कळलं असतं, तू कुणाला पाजून वाढवलंस आणि कुणाला पाणी दाखवून."

पृथ्वी हसला. त्याला भांडणाचा कंटाळा आला होता. "दात वाचतंय की ते. तूच म्हणाली हुतीस."

ते खरं होतं. शिंग फुटायच्या आधी रेडकाचे दात वाचता यावेत म्हणून यंत्राला दुसरी सोय होती. माणसाची पहिली पक्की दाढ उगवते उशिरा, पण हिरडीच्या आत ती जन्मापासूनच घडायला लागते आणि तान्हेपणातला घास न् घास तिच्यात थरावर थर जमा होतो. आईचं दूध, वरचं दूध, उपासमार, ताप. दाढ काही विसरत नाही.

तेजूनं बटण फिरवलं.

"गप ठेव ते खाली," विजयमाला म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. तेजूनं तो बदल ओळखला, आणि तिला वाटलं की आईनं कबुलीच दिली. आता तर ती थांबणार नव्हती. तिनं यंत्राचं टोक तोंडात घालून दाढेला टेकवलं. इतक्या वर्षांच्या तक्रारीला आज पुरावा मिळणार होता.

पडद्यावर रेघा आल्या. उंच, सरळ, एकाला एक लागून. आईचं दूध, दीड वर्षापर्यंत. एक रेघ ठेंगणी नाही. लाल ठिपका नाही.

ती बघतच राहिली. असं काही मिळालं की माणसाला आनंद व्हायला हवा. तिला मात्र कुणीतरी खिसा कापल्यासारखं झालं. तिला उपाशी निघायचं होतं. आपण उपाशी होतो या एका गोष्टीवर तिनं आईचा राग उभारला होता, आणि आता तो कुठं टेकवायचा ते तिला कळेना.

"बघू की माजं," पृथ्वी म्हणाला. त्यानं यंत्र तिच्या हातातून घेतलं. आई पुढं झाली, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही. त्यानं हसत हसत ते दाढेला लावलं आणि पडदा स्वतःकडं वळवला.

त्याच्या पडद्यावर आईच्या दुधाची रेघ एकच होती, अगदी सुरुवातीला, बोटाच्या पेराएवढी. पुढं म्हशीचं दूध, तेही पाणी घातलेलं. ठेंगण्या रेघा, महिनोन् महिने. आणि लाल पट्टा, भिंगरीच्या पट्ट्याहून रुंद. तेजू हजारो शिंगं वाचलेली. असा पट्टा असलेली जनावरं तिनं फार थोडी पाहिली होती, कारण तशी बहुतेक जगतच नाहीत.

"हे काय हाय?" पृथ्वीनं विचारलं. त्याला रेघा वाचता येत नव्हत्या, पण दोघांतला फरक आंधळ्यालाही दिसला असता.

बोलली ती विजयमाला. ती पुन्हा दगडावर बसली आणि म्हशींकडं बघत बोलायला लागली, जणू त्यांनाच सांगत होती.

"बाळंतपणात मला ताप भरला. दूध आलं ते एकाला पुरंल एवढंच. तेजा जन्मल्यापास्नं ओढायची. हिसका देऊन ओढायची. ह्यो तोंडात धरायचा आणि सोडून द्यायचा. रडल्याबिगर आईबी पाजत न्हाई म्हणत्यात. ह्यो रडायचाबी न्हाई. तुमची आजी म्हणाली, दोन्ही घालवू नको. गोठ्यात काय करतो आपण? जे ओढतंय त्याला पाजायचं. जे ओढत न्हाई त्याला बाजूला ठेवायचं."

"कुठं ठेवलं?" पृथ्वीनं विचारलं.

"गोठ्याकडच्या सोप्यात. आजीजवळ. तिथं भिंतीला ओल असायची. तू जाशील असं धरून चाललो हुतो आम्ही. तू गेला न्हाईस."

भिंगरीनं शेपटी झटकली. पृथ्वीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, आणि त्याजागी जे आलं होतं ते तेजूनं त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे ती पहिली भाकरी, ती साय," तो म्हणाला. "तू मला खाऊ घालत न्हवतीस. फेडत हुतीस."

"पृथ्वी."

"मी मरायची वाट बघून झाली, मग लाड केलास. आणि ही येडी जळत बसली माज्यावर." त्यानं बहिणीकडं पाहिलं. त्यात माया नव्हती. "एवढं पिऊन तुजं पोट भरलं न्हाई व्हय गं?"

तेजूला राग आला आणि लगेच तो ओसरलाही. "मी दोन दिवसांची होते," ती म्हणाली. "मी मागून घेतलं नव्हतं."

"मीबी न्हवतं मागितलं. ना तेव्हा, ना आता." त्यानं यंत्र परत शिंगाच्या खुणेवर आणलं. भिंगरीचं वाचन अजून पडद्यावर थांबलेलं होतं. "हे पाठवायचं बटण कुठलं? हिरवं?"

"पृथ्वी, हात लावू नको त्याला," विजयमाला म्हणाली. "गोठा जाईल तुजा."

"जाऊ दे. तुजी फेड नको मला." त्यानं बटण दाबलं. यंत्र त्याच्या हातात किंचित थरथरलं आणि वाचन संघाकडं गेलं. त्यानं ते बहिणीच्या हातात दिलं, खुंटीवरचं जाकीट घेतलं आणि मागं न बघता गोठ्याबाहेर पडला. थोड्या वेळानं मोटारसायकलचा आवाज नदीच्या रस्त्याला लागला आणि मग ऐकू येईनासा झाला.

मायलेकी दोघीच उरल्या. तेजूच्या हातातल्या पडद्यावर प्रश्न आला होता. वाचणाऱ्याच्या हातून चूक झाली असेल तर दिवस मावळायच्या आत वाचन रद्द करता येतं, तशी संघाची सोय होती. रद्द करायचं का? हो. नाही.

विजयमालानं ते पाहिलं. तिला वाचता येत होतं.

"रद्द कर," ती म्हणाली. आता आवाजात जरब नव्हती. "सुंदराचं लाव आणि परत पाठव. त्यो संध्याकाळी येईल. राग गेला की येतोयच त्यो. त्याच्या नावानं ऱ्हाऊ दे. तेजा, मी तुज्याकडं कधी काय मागितलंय का?"

तेजूनं आईकडं पाहिलं. या बाईनं चोवीस वर्षं रोज त्या एका निवडीचं ओझं पहिल्या भाकरीबरोबर वाढलं होतं. दोन तान्ही मुलं, एकाला पुरेल एवढं दूध, आणि सल्ला द्यायला फक्त गोठ्याचा नियम. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे तेजूला सांगता आलं नसतं. तिला आईची दया आली. भावाची तर आलीच आली. सोप्यातली ती भिंत अजूनही पावसाळ्यात ओलावायची, आणि छाती धरून खोकणाऱ्या पृथ्वीला ती लहानपणी नाटकी म्हणून चिडवायची, तेही तिला आठवलं.

तो संध्याकाळी येईल की नाही हे तिला माहीत नव्हतं. आला तर त्याला गोठा नकोच असेल, हेही नक्की सांगता येत नव्हतं. राग उतरल्यावर माणूस टाकलेलं पुन्हा उचलतो. त्याच्या वाटचं ती एकदा पिऊन बसली होती, अजाणतेपणी. आज ती जाणती होती, आणि कुणी बळजबरी करत नव्हतं.

तिनं 'नाही'वर बोट ठेवलं. मग नवा अर्ज उघडला, नावाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, आणि सुंदराचं शिंग हातात घेतलं.

विजयमाला तिच्याकडं बघत होती. ती चिडली नाही, रडली नाही.

"ओढ," ती म्हणाली. "ओढतंय तेच जगतंय."

तेजूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, कारण एका हातात यंत्र होतं आणि दुसऱ्या हातात शिंग, आणि दोन्हींतलं काहीच तिला सोडायचं नव्हतं.